बांधावरचा अमरकंद उपटण्याआधी

अकोले तालुक्यातल्या डोंगरकडच्या गावातून एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय. वरकस जमिनीच्या बांधावर रोहिणीच्या पावसानंतर बिनपानाचा एक देठ वर आला आणि त्याला हिरवट-जांभळट फुलं लागली. आजी म्हणाली, हा अमरकंद. उगाळून गळ्याच्या गाठींना लावतात, दुधातून दिला की अंगात ताकद येते. घरात धाकट्या बहिणीच्या मानेला दोन महिन्यांपासून गाठ आहे. त्यात आठवडी बाजारात जडीबुटी घेणारा एकजण हे कंद किलोवर मागतोय. तर कंद काढावा का, वापरावा कसा, विकावा का, आणि लावून वाढवता येतो का, असे चार प्रश्न आहेत.

मी जुन्नरला सव्वीस वर्षं वैद्यकी करते. घरामागच्या अर्ध्या एकरात औषधी झाडं सांभाळते, त्यात अमरकंदाचे दोन वाफे आहेत. चारही प्रश्नांची उत्तरं देते, फक्त क्रम माझा असेल.

सगळ्यात आधी बहीण. तिला या आठवड्यातच तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात घेऊन जा. कंद नंतर बघू.

आजी सांगतात ते खोटं नाही. या कंदाचं आपल्याकडचं दुसरं नाव मानकंद. मानेच्या गाठींवर चालतो म्हणून मानकंद, असंच मलाही डोंगरातल्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलं. वनस्पतींच्या जुन्या नोंदींतही गंडमाळेवर याचा उपयोग आहे. गंडमाळा म्हणजे गळ्याभोवती माळेसारख्या उठणाऱ्या गाठी. त्या पिकायला, फुटायला, एक बरी होते तोवर दुसरी उठायला लागल्या की आपल्या ग्रंथांत त्याला अपची म्हणतात. हे वर्णन वाचून आजचा कुठलाही डॉक्टर पहिली शंका घेईल ती क्षयाची. टीबी फुप्फुसातच होतो असं नाही. मानेच्या गाठींत तो आपल्याकडे फार सापडतो, आणि अशा रुग्णाला खोकला नसतो, थुंकीत काही दिसत नाही. संध्याकाळी बारीक कणकण, रात्री घाम, वजन उतरणं, एवढंच असतं. कधी तेही नसतं.

वैद्यकीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक चौदा वर्षांचा मुलगा आला. आठ महिने त्याच्या गळ्याला कुठल्या ना कुठल्या कंदाचे लेप चालू होते. माझ्याकडे आला तेव्हा गाठ फुटून मानेवर नाडीव्रण झाला होता, म्हणजे बारीक भोक पडून त्यातून पू झिरपत होता. आईनं पदराचा तुकडा फाडून तिथं बांधला होता, तो कापडाला चिकटलेला पिवळा डाग मला आजही दिसतो. सुईनं नमुना घेतला, क्षय निघाला. सहा महिने गोळ्या खाऊन पोरगा पूर्ण बरा झाला, पण मानेवरचा सुरकुतलेला व्रण जन्मभर राहिला. ते आठ महिने वाया गेले नसते तर तो व्रणही राहिला नसता. तेव्हापासून माझा एक नियम आहे: गाठ दोन आठवड्यांच्या वर टिकली की आधी तपासणी, मग बाकी सगळं.

तपासणी सोपी आहे. बारीक सुईनं गाठीतला थोडा अंश काढतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्याच नमुन्यावर सीबीनॅटसारखी चाचणी केली की जंतू आहे का, आणि नेहमीच्या औषधाला दाद देणारा आहे का, हेही कळतं. क्षय निघाला तर सरकारी औषध मोफत मिळतं, साधारण सहा महिने घ्यावं लागतं, आणि निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात. गाठ क्षयाचीच असेल असं मी म्हणत नाही. किडलेली दाढ, घशाचा जुना संसर्ग, डोक्यातल्या उवा-खरजेचे फोड, यांनीही मानेला गाठी येतात. क्वचित त्याहून गंभीरही काही असू शकतं. पण बोटानं चाचपून हे मलाही कळत नाही, आजींनाही कळणार नाही. आजींना एवढंच सांगा की कंद कुठं जात नाही, रिपोर्ट आधी येऊ दे.

लेपानं गाठ बिघडेल असं नव्हे. बिघडतं ते लेपाच्या भरवशावर थांबल्यानं. आणि फुटलेल्या गाठीवर, उघड्या जखमेवर उगाळलेला कंद कधीच लावू नका. सहाणेवरची माती आणि कंदावरची माती दोन्ही जखमेत जातात.

आता झाड. तुमच्या वर्णनावरून हे युलोफिया कुळीतलं दिसतं, म्हणजे जमिनीत वाढणारी आमरी, ऑर्किडच. आमरी म्हटलं की लोकांना झाडाच्या खोडावर लटकणारी सीतेची वेणी आठवते, पण सह्याद्रीत कितीतरी आमरी मातीत पाय रोवून उभ्या असतात. कासच्या पठारावर बघायला मिळणारी टूथब्रशसारखी हबे आमरी त्यातलीच. अमरकंद हे नाव मात्र एकाच झाडाचं नाही. आपल्या डोंगरांत युलोफियाच्या तीन-चार जातींना लोक सरसकट अमरकंद म्हणतात. तुमचं झाड बहुधा युलोफिया स्पेक्टाबिलिस, जिला जुन्या पुस्तकांत युलोफिया न्यूडा म्हणत. न्यूडा म्हणजे उघडी. पानांआधी नुसत्या देठावर फुलणाऱ्या झाडाला ते नाव शोभतंही. फुलं पिवळसर असती तर मी ऑक्रिएटा जातीचा विचार केला असता.

नुसत्या वर्णनावरून खात्री देणार नाही. तुम्हीच जवळून बघा. फुलाच्या देठाच्या तळाशी हातानं माती थोडी बाजूला सारा, खणू नका. फुलाचा देठ कंदाच्या एका कुशीतून निघालेला दिसेल आणि पानांचा कोंब त्याच्या शेजारी वेगळा असेल. कंदावर आडव्या गोल रेषा असतात, वळ्यांसारख्या, गेल्या वर्षीच्या पानांच्या खुणा. पुढं श्रावणात पानं येतील ती लांब आणि लांबीच्या दिशेनं चुण्या पडलेली, हातपंख्याच्या घड्यांसारखी. दिवाळीनंतर पिवळी पडून ती जिरून जातील. फुलांच्या जागी खाली झुकलेल्या शेंगा धरल्या असतील तर त्या तोडू नका.

ही ओळख मी इतकी लांबवून सांगते कारण चूक जिवावर बेतते. पानं आलेली नसताना किंवा झाड वाळल्यावर नुसत्या कंदावरून अमरकंद ओळखणं अवघड. काळ्या मुसळीची पानंही अशीच चुण्यांची, आणि शिंदीची कोवळी रोपंही लांबून तशीच दिसतात. मुसळी चुकून काढली तर फार काही बिघडणार नाही. पण त्याच पावसात, त्याच बांधावर कळलावी उगवते. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा दोन दिशांना वळलेला, गुळगुळीत, त्यावर वळ्या नसतात. त्यात कोल्चिसिन नावाचं विष आहे, थोडा पोटात गेला तरी आधी उलट्या-जुलाब आणि मग दोन-चार दिवसांत एकेक अवयव बंद पडत जातो. रानकांद्यातही हृदयाला धरणारं विष आहे. म्हणून चाखून ओळखायची पद्धत सोडून द्या. फुलासकट बघितल्याशिवाय कुठलाही रानकंद अमरकंद म्हणून घरात आणू नका. बाजारातून चकत्या करून वाळवलेला तर नकोच, चकतीवरून मला तरी तो ओळखता येत नाही.

फुलावरून खात्री झाल्यावर पुढचा प्रश्न, हा कंद अंगात काय करतो. ताजा कंद चिरला की सुरीला तार धरते. भेंडीसारखा बुळबुळीतपणा, पण जास्त घट्ट. जमिनीतल्या आमरींच्या कंदांत पिष्टाबरोबर हे चिकट द्रव्य असतं, आणि जगभर त्यांचे जे उपयोग झाले ते बहुतेक या चिकटपणातूनच निघाले. मेक्सिकोत आस्तेक कारागीर रंगीत पिसांची चित्रं करत, ती पिसं आमरीच्या कंदाच्या खळीनं चिकटवत. चीनमध्ये ब्लेटिला नावाच्या आमरीचा कंद, तिकडचं बाइ-जी, रक्त थांबवायला देतात आणि त्याचीच खळ चिकटकामाला वापरतात. तुर्कस्तानात सालेप म्हणजे आमरीच्या कंदाची पावडर. हिवाळ्यात ती दुधात शिजवून वर दालचिनी भुरभुरून पितात, आणि मराश गावची प्रसिद्ध ताणून ताणून वाढायची आइस्क्रीम याच पावडरीमुळे लांबते. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात सालम मिश्री मागितली की मिळते ती याच घराण्यातली. सालम हा शब्द सालेपचाच भाऊ, दोन्ही 'कोल्ह्याचे वृषण' अशा अर्थाच्या अरबी नावावरून आले. युरोपातल्या जोडकंदाच्या आमरींचा आकार बघून ग्रीकांनीही तेच नाव दिलं होतं, ऑर्किड हा शब्द त्यातूनच आला.

या आकारानंच वाजीकरणाची कीर्ती चिकटली. कंद जोडीनं येतो, वृषणासारखा दिसतो, म्हणून वीर्य वाढवतो, असा तो हिशोब. दवाखान्यात दर महिन्याला कुणीतरी हळू आवाजात अमरकंद मागतो. त्याला मी देत नाही. रक्तदाब, साखर, झोप आणि दारू, या चार गोष्टी विचारते. उत्तर बहुतेक त्यातच असतं.

ताकदीचं म्हणाल तर आजींचं म्हणणं मी मानते, पण त्याचा अर्थ नीट समजून. आजारातून उठलेल्या, अन्न नकोसं झालेल्या माणसाला दुधात घट्ट केलेलं, घशाखाली सहज उतरणारं, पोटात मऊ राहणारं काही द्यायचं, यासाठी हा कंद उत्तम. चरकसंहितेत मुंजातक नावाचा बल देणारा कंद आहे, तो आज हिमालयातल्या सालमपंजाशी जोडला जातो. सालमपंजा म्हणजे हाताच्या पंजासारखा कंद असलेली उंच कुरणांवरची आमरी. तिचा आणि आपल्या अमरकंदाचा उपयोग जवळजवळ एकच.

माझ्या वाफ्यातला कंद मी असा वापरते. धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, पातळ चकत्या करून कडक वाळवायचा. मग खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायचा. एका माणसाला एक वेळ चहाचा सपाट एक चमचा, साधारण ३ ग्रॅम. ही पूड गरम दुधात कधी टाकायची नाही, लगेच गाठी धरतात आणि गाठीच्या आत ती कोरडीच राहते. आधी दोन चमचे थंड दुधात कालवायची, मग मंद आचेवरच्या कपभर दुधात ओतून सतत ढवळायची. तीन-चार मिनिटांत दूध पळीला लपेटायला लागतं. वेलची, थोडी खडीसाखर. पंधरा दिवस, त्याहून जास्त मी देत नाही. गरोदर बाईला देत नाही, लहान मुलांना देत नाही, कारण त्यांच्या बाबतीत भरवसा ठेवावा असं माझ्याकडे काही नाही.

बहिणीला अशक्तपणा असेल तर हे दूध द्यायला हरकत नाही, पण उपचाराच्या जोडीला. अंगातली ताकद कशानं गेली ते आधी बघायला हवं. आमच्याकडच्या बायकांत दहापैकी सहा-सात वेळा ते हिमोग्लोबिन असतं, आणि कंदानं हिमोग्लोबिन चढत नाही. त्याला लोहाच्या गोळ्या, नाचणी, अळीव, हिरवी भाजी लागते.

आता संशोधनाबद्दल, कारण बाजारातला तो माणूस तुम्हाला नक्की सांगेल की हा कंद कॅन्सरवर चालतो. या झाडाच्या कंदातून फेनॅन्थ्रीन प्रकारची द्रव्यं निघाली आहेत, त्यातल्या एकाचं नाव तर याच्याच जुन्या नावावरून न्यूडॉल ठेवलंय. प्रयोगशाळेत भांड्यातल्या पेशींवर अशा द्रव्यांचा परिणाम दिसतो, हे खरं. पण भांड्यातल्या पेशीवर थेट टाकलेलं शुद्ध द्रव्य आणि दुधातून पोटात गेलेला चमचाभर कंद यात फार मोठं अंतर आहे. गाठीवर कंद उगाळून लावायची परंपरा आणि हे द्रव्य, दोन्ही एकाच झाडात आहेत म्हणून मला कुतूहल वाटतं. रुग्णाला मात्र मी कुतूहलाच्या जोरावर थांबवून ठेवणार नाही.

विकण्याचा प्रश्न. विकू नका. यात मी अडून आहे आणि कारणंही सांगते.

बटाट्यासारखं हे झाड नाही. आमरीचं बी धुळीसारखं असतं. एका शेंगेत हजारोंनी, पण एकाही दाण्यात पिलाला पुरेल अशी शिदोरी नसते. गव्हाच्या दाण्यात पीठ असतं, त्यावर कोंब पहिले दिवस काढतो. आमरीच्या बियात नुसता गर्भ. तो मातीत पडला आणि तिथं ठराविक बुरशी भेटली तरच, त्या बुरशीकडून अन्न घेत तो वाढतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं फ्रान्समध्ये नोएल बर्नार्ड या शास्त्रज्ञाला, १८९९ साली. १९२२ साली अमेरिकेत लुईस नूडसननं साखर घातलेल्या माध्यमावर बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, तेव्हापासून प्रयोगशाळेत रोपं करणं शक्य झालं. रानात मात्र बुरशीच लागते. म्हणजे बांधावरचं एक झाड उपटलं की त्या जागी दुसरं येईल याची खात्री नाही, आणि बांध नांगरला, तणनाशक मारलं, पेटवून दिला तर मातीतली ती सोबतही बिघडते.

किलोचा हिशोब आणखी वाईट. तुर्कस्तानात एक किलो सालेप पावडरीला हजारापेक्षा जास्त कंद लागतात. तिथल्या डोंगरांतल्या आमरी या पावडरीपायी इतक्या घटल्या की बाहेर पाठवायला बंदी घालावी लागली. आफ्रिकेत झांबियातल्या लोकांचा आवडता पदार्थ चिकांडा, आमरीचे कंद आणि शेंगदाणे कुटून शिजवलेला. स्वतःकडचे कंद संपत आले तसे ते शेजारच्या टांझानियातून येऊ लागले, तिथल्या पठारांवरून पोत्यांनी. टांझानियातल्या किटुलो पठाराला २००५ साली राष्ट्रीय उद्यान केलं ते सिंह-हत्तींसाठी नाही, मुख्यतः फुलांसाठी. आपल्याकडे सालमपंजाची हिमालयात तीच गत झाली. तो मिळेना म्हणून बाजारात युलोफियाचे कंद सालम म्हणून शिरले, आणि ते येतात आपल्यासारख्यांच्या बांधावरून. तुमच्या गावापर्यंत तो माणूस पोचला याचा अर्थ आधीच्या गावांतलं संपलं.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. अभयारण्याच्या हद्दीतून कंद खणणं गुन्हा आहे, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य तुमच्याच तालुक्यात आहे. आमरीचं सगळं कुळ साइट्स या रानटी प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्यानं देशाबाहेरच्या व्यापारावर निर्बंध आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानं आदिवासी आणि वननिवासींना कंदमुळांसकट गौण वनउपज गोळा करायचा हक्क दिलाय, तो मोलाचा आहे. माझं म्हणणं त्या हक्काविरुद्ध नाही. जे कुटुंब वर्षाला चार कंद घरच्या आजाऱ्यासाठी आणतं त्यानं झाड संपत नाही. पोत्यानं मागणारा आला की संपतं, आणि त्या पोत्याचे जास्त पैसे खणणाऱ्याला कधीच मिळत नाहीत.

पूर्वीचे लोक कंद कसा काढत, हे मला भीमाशंकरच्या बाजूच्या एका ठाकर आजीनं दाखवलं. पंचवीस वर्षं झाली असतील. तिच्या हातात कुदळ नव्हती, टोकदार केलेली बांबूची काठी होती. दिवाळी उलटून पानं पिवळी पडली होती. तिनं झाडाच्या एका अंगानं माती उकरली, आणि खाली कंदांची माळच दिसली. अमरकंदाला दर वर्षी शेजारी एक नवा कंद धरतो. एका टोकाला सर्वांत नवा, भरलेला, ज्याला पुढच्या पावसाचा डोळा असतो. दुसऱ्या टोकाला जुने, सुरकुतलेले. तिनं मागचे दोन जुने कंद नखानं तोडून घेतले, नव्याला हात लावला नाही, माती परत सारून वर पाचोळा टाकला आणि एक दगड ठेवला. मी विचारलं दगड कशाला. ती म्हणाली, साळिंदर उकरतं गं, आणि उद्या मी आले तर मलाच कळायला नको का की इथलं घेतलंय, दोन पावसाळे इथं यायचं नाही.

तिच्या त्या हिशोबामागचं कारण मला वाफे लावल्यावर समजलं. जुन्या कंदांना पानं येत नाहीत, पण नवा कोंब फुटताना त्यांतलं साठवण तो ओढून घेतो. सगळे जुने तोडले तर पुढच्या वर्षी झाड फुलत नाही, नुसती दोन बारकी पानं येतात. मागचे एक-दोन घेऊन शेजारचे दोन तरी जोडलेले ठेवले तर फुलतं. माझ्या वाफ्यात हे दोनदा करून बघितलंय.

ग्रंथांतही ही समज आहे. च्यवनप्राशातल्या अष्टवर्गातल्या, म्हणजे आठ वनस्पतींच्या गटातल्या, चार वनस्पती, जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी, या आमरीच मानल्या जातात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात अष्टवर्ग राजांनाही दुर्मिळ झाल्याचं सांगून त्यांच्या जागी काय वापरायचं ते दिलंय: मेदा-महामेदाऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारीकंद, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा, ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराहीकंद. यालाच आम्ही प्रतिनिधी द्रव्य म्हणतो. झाड संपत आलं की वैद्यानं पर्याय धरायचा, हे आमच्या शास्त्रातच बसतं. म्हणून बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला मी आता शतावरी देते. ती शेतात लावता येते आणि पुरते. अमरकंदाचं दूध वर्षातून पाच-सहा जणांना, तेही माझ्या वाफ्यातून.

राहिला लावायचा प्रश्न, आणि यात मला सगळ्यात जास्त आनंद आहे, कारण तुमच्याकडे झाड आधीच त्याच्या आवडत्या जागी आहे. पहिलं म्हणजे ते हलवू नका. त्या तुकड्यावर तणनाशक मारू नका, बांध पेटवू नका, शेंगा पिकून आपोआप उलू द्या. रानडुक्कर येत असेल तर बाभळीच्या काट्या रोवा.

एखादं झाड घराजवळ हवंच असेल तर पौष-माघात, झाड झोपलेलं असताना, माळेच्या जुन्या टोकाचे तीन कंद एकत्र जोडलेले असे काढा. सुटा एकच कंद लावला तर तो बहुतेक कुजतो. त्यांच्याभोवतीची माती सोबत आणा, बुरशी तीत असते. रुंद तोंडाची कुंडी, तळाला विटांचे तुकडे, मग निम्मा बारीक मुरूम आणि निम्मी तीच बांधावरची माती कुजलेल्या पाचोळ्यासकट. शेणखत घालू नका, मी घातलं होतं आणि कंद लिबलिबीत झाले. कंद वरच्या दोन बोटांच्या थराखाली ठेवा, खोल नको. उन्हाळाभर कुंडी सावलीत कोरडी, एक थेंब पाणी नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण घरातलं कुणीतरी रिकामी कुंडी समजून पाणी घालतंच. पहिला वळीव झाला की कुंडी उघड्यावर आणा आणि पुढं पावसावर सोडा. ऊन सकाळचं मिळावं, दुपारचं नको.

जुन्या कंदावरचा झोपलेला डोळा फुटायला कधी एक पावसाळा जातो, कधी दोन. माझ्या पहिल्या कुंडीत पहिल्या वर्षी काहीच आलं नाही, दुसऱ्या वर्षी एक पान आलं, आणि फूल पाचव्या पावसाळ्यात. तेव्हा कुंडी टाकून देऊ नका.

आजींना विचारा, त्यांच्या लहानपणी हा कंद कुठकुठल्या बांधावर असायचा. त्या हिंडू शकत असतील तर आत्ताच, झाड जमिनीवर दिसतंय तोवर, त्यांना सोबत घेऊन त्या जागा बघून या. सापडेल तिथं एकेक दगड ठेवा, कारण दिवाळीनंतर वर काही दिसणार नाही.

आणि बहिणीचा रिपोर्ट आला की मला कळवा.